घटनादुरुस्ती म्हणजे नेमकं काय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका लागल्या की, आरक्षणाचा एखादा निकाल आला की, नाहीतर 26 जानेवारीच्या आसपास तेच तेच प्रश्न फिरून येतात. निम्मे एमपीएससीच्या पोरांचे, निम्मे घरच्या ग्रुपवरच्या काका-मावश्यांचे. दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कलमांचे नंबर लागतील तिथेच दिलेत.

घटना बाबासाहेबांनी एकट्यांनी लिहिली का?

संविधान सभा होती, तिची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946 ला झाली, 29 ऑगस्ट 1947 ला मसुदा समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, मग 26 नोव्हेंबर 1949 ला घटना मंजूर आणि 26 जानेवारी 1950 पासून लागू. सल्लागार बी. एन. राव यांनी सुरुवातीचा कच्चा मसुदा केला होता, सभेत कलमाकलमावर वाद झाले, त्यामुळे "एकट्यांनी" हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. पण हा मुद्दा बाबासाहेबांचं श्रेय कापायला वापरणाऱ्यांनी मसुदा समितीतलेच टी. टी. कृष्णम्माचारी नोव्हेंबर 1948 मध्ये सभेत काय बोलले ते एकदा वाचावं. सांगायचा मतलब असा होता की समितीतल्या एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात अडकलेले, एकदोघं दिल्लीपासून लांब आणि तब्येतीने साथ न देणारे, आणि शेवटी सगळा भार पडला तो डॉ. आंबेडकरांवर. समितीतला माणूस भर सभेत हे बोलतोय म्हटल्यावर अजून काय पुरावा पाहिजे.

दुरुस्तीचे मार्ग किती? दोन का तीन?

पेपरात तीन लिहा. कलम 368 मध्ये दोनच आहेत: एक म्हणजे संसदेचं विशेष बहुमत, दुसरा म्हणजे विशेष बहुमत अधिक किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी. तिसरा 368 च्या बाहेरचा, साध्या बहुमताचा, जसं नवीन राज्य करणं, राज्याची हद्द नाहीतर नाव बदलणं, विधानपरिषद आणणं किंवा काढणं. घटनेचा मजकूर त्यानेसुद्धा बदलतो, पण घटनाच सांगते की याला 368 ची दुरुस्ती समजू नका, म्हणून त्याला दुरुस्तीचा नंबर पण पडत नाही.

दोन तृतीयांश म्हणजे कशाचे दोन तृतीयांश? इथेच सगळे गोंधळतात.

हो, कारण अटी दोन आहेत आणि लोक एकच लक्षात ठेवतात. पहिली अट, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं बाजूने हवीत, म्हणजे लोकसभेत 543 पैकी 272, रिकाम्या जागा पण धरून. दुसरी अट, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवीत. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला लागतात.

समजा त्या दिवशी 390 जणांनीच मत दिलं. दोन तृतीयांश झाले 260. आता 265 मतं पडली तर? दुसरी अट पूर्ण, पहिली नाही, बिल पडलं. उलट सगळेच्या सगळे 543 आले आणि सगळ्यांनी मत दिलं तर 362 लागतात. तटस्थ राहिलेले "मत देणारे" धरत नाहीत, त्यामुळे एखादा पक्ष विरोध न करता नुसता बाहेर निघून गेला तरी सरकारला फायदाच होतो, आणि सभात्यागाच्या बातम्या वाचताना हे डोक्यात ठेवलं तर निम्मं राजकारण आपोआप कळतं.

आणि हे सगळं राज्यसभेत परत, वेगळं.

मग 2024 ला "400 पार झालं की संविधान बदलणार" चाललं होतं ते काय होतं?

400 हा आकडा घटनेत कुठेच नाही. लोकसभेचा आकडा जास्तीत जास्त 362, तो वर आला. आणि लोकसभेत 400 असले तरी राज्यसभेत 245 च्या सभागृहात परत तीच दोन गणितं करायची असतात. महाराष्ट्रात त्या निवडणुकीत हा मुद्दा गावागावात पोचला होता, आणि लोकांनी तो मनावर घेतला यात मला तरी काही वावगं वाटत नाही. फक्त "आकडा आला की काहीही बदलता येतं" हेही खरं नाही आणि "कधीच काही बदलता येत नाही" हेही नाही. मधलं जे आहे ते खाली संसद अख्खी घटना बदलू शकते का या प्रश्नात, केशवानंद भारती खटल्यात आहे.

बहुमत थोडक्यात हुकलं असं कधी झालंय का?

झालंय, आणि असं हुकलंय की विश्वास बसत नाही. 1970 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करायचं दुरुस्ती विधेयक इंदिरा गांधींच्या सरकारने आणलं, लोकसभेत पास झालं, सप्टेंबरमध्ये राज्यसभेत आलं. बाजूने 149, विरोधात 75. एकूण 224, त्याचे दोन तृतीयांश 149.33. म्हणजे एका मताच्या तिसऱ्या हिश्शाने बिल पडलं! मग सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली, तो आदेश त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, आणि शेवटी 1971 ला निवडणूक जिंकून आल्यावर 26 व्या दुरुस्तीने तनखे गेले. त्या 1970 च्या बिलाला तेव्हा 24 वं म्हणत होते. आज 24 वी दुरुस्ती म्हणून जी पुस्तकात आहे ती वेगळीच. त्यावरूनच पुढचा प्रश्न.

महिला आरक्षण 128 वी दुरुस्ती का 106 वी? दोन्ही वाचलंय.

बिल 128 वं, दुरुस्ती 106 वी. बिलांना आणल्याच्या क्रमाने नंबर, दुरुस्त्यांना पास झाल्याच्या क्रमाने, आणि मधली बरीच बिलं पडतात, लटकतात, नाहीतर लोकसभा विसर्जित झाली की संपतात. ते बिल सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेत 454 विरुद्ध 2 असं पास झालं, मतदान नव्या इमारतीत चिठ्ठ्यांवर झालं, विरोधातल्या दोघांपैकी एक म्हणजे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. राज्यसभेत 214 विरुद्ध शून्य. पण आरक्षण लगेच नाही, आधी जनगणना मग मतदारसंघांची पुनर्रचना ही अट त्याच दुरुस्तीत घालून पास केलीय.

संयुक्त अधिवेशन बोलावून पास करता येतं का? वटहुकूम? राष्ट्रपतींनी सही नाही केली तर?

नाही. नाही. आणि सही करावीच लागते. 1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून राष्ट्रपतींना दुरुस्ती विधेयक अडवता पण येत नाही आणि परत पण पाठवता येत नाही.

राज्यांची मंजुरी कधी लागते?

जिथे केंद्र-राज्य यांच्या वाटणीला हात लागतो तिथे. राष्ट्रपतींची निवडणूक, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टांची प्रकरणं, केंद्र सूची-राज्य सूची, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद, आणि खुद्द 368. राज्यात साध्या बहुमताचा ठराव पुरतो. जीएसटीच्या 101 व्या दुरुस्तीसाठी ऑगस्ट 2016 मध्ये आपल्या विधिमंडळाचं खास अधिवेशन झालं होतं ते यासाठीच.

ही मंजुरी घेतली नाही तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. 2011 ची 97 वी दुरुस्ती, सहकाराची. संचालक मंडळात 21 पेक्षा जास्त संचालक नकोत, मुदत पाच वर्षं, निवडणुका वेळेवर, असे नियम थेट घटनेत घातले. महाराष्ट्राने 2013 मध्ये आपला 1960 चा सहकारी संस्था कायदा त्याप्रमाणे बदलला, साखर कारखान्यापासून हौसिंग सोसायटीपर्यंत सगळ्यांची धावपळ झाली, नवे उपविधी, नव्या निवडणुका. आणि जुलै 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सहकारी संस्था हा राज्य सूचीतला विषय, राज्यांची मंजुरी घेतलीच नाही, तेव्हा राज्यांतल्या संस्थांपुरता तो भाग रद्द. हेतू चांगला होता की वाईट हा प्रश्नच आला नाही. पद्धत चुकली म्हणून गेलं. (राज्याने आपल्या कायद्यात जे बदल केले होते ते राज्याचा कायदा म्हणून वेगळे, ते या निकालाने आपोआप पुसले जात नाहीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी तसं म्हणालं तर ऐकू नका.)

वेगळा विदर्भ करायचा तर घटनादुरुस्ती लागेल ना?

नाही लागत, आणि हे ऐकून विदर्भवादी आणि विरोधक दोघंही चकित होतात. कलम 3. राष्ट्रपतींची शिफारस, बिल राज्याच्या विधिमंडळाकडे मत विचारायला पाठवणं, आणि संसदेत साधं बहुमत, झालं. विधिमंडळाचं मत बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये तेलंगणाचं बिल फेटाळलं तरी 2 जूनला तेलंगणा झालं. महाराष्ट्र आणि गुजरात पण 1 मे 1960 ला अशाच साध्या कायद्याने वेगळे झाले. मोर्चे, हुतात्मे, सगळा संयुक्त महाराष्ट्राचा लढा एकीकडे आणि कायद्याची प्रक्रिया इतकी साधी. अवघड असतं ते राजकारण.

सार्वमत घेऊन घटना बदलता येते का?

आपल्या घटनेत सार्वमत नाहीच. गोव्याचा ओपिनियन पोल आठवून लोक विचारतात, पण 16 जानेवारी 1967 ला गोवेकरांना विचारलं होतं ते महाराष्ट्रात विलीन व्हायचं का केंद्रशासित राहायचं एवढंच, आणि त्यासाठी संसदेने खास कायदा केला होता. 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं आणि त्यासोबत 56 वी दुरुस्ती आली. कोकणी आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, आली 1992 च्या 71 व्या दुरुस्तीने. दोन्ही वेळा संसदेतलं विशेष बहुमत, थेट जनतेचं मतदान कुठेच नाही.

मग पुरेसं बहुमत असेल तर संसद अख्खी घटना बदलू शकते का?

हा खरा प्रश्न, जरा बसून वाचा.

1951 पासून कोर्टाचं म्हणणं होतं की बदलू शकते, मूलभूत हक्कसुद्धा. 1967 ला गोलकनाथ खटल्यात 11 न्यायाधीशांनी 6 विरुद्ध 5 ने ते उलटवलं, मूलभूत हक्कांना हात लावायचा नाही. सरकारने 1971 ला 24 वी दुरुस्ती करून ते परत उलटवलं. मग आले कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती, मूळ तक्रार केरळच्या जमीन सुधारणा कायद्याची. 13 न्यायाधीश बसले, सुनावणी 68 दिवस चालली, स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला, केरळच्या बाजूने एच. एम. सीरवई, दोघंही मुंबईचे. 24 एप्रिल 1973 ला निकाल, 7 विरुद्ध 6: संसद घटनेचं कोणतंही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सरन्यायाधीश सिक्री दुसऱ्याच दिवशी निवृत्त. स्वामींनी ज्या दुरुस्त्यांना आव्हान दिलं होतं त्यातल्या बहुतेक टिकल्याच, म्हणजे खटल्याला नाव त्यांचं आणि फायदा बाकी सगळ्यांचा.

चौकटीत काय काय येतं याची अधिकृत यादी नाही. निकालांतून जमत गेलीय: लोकशाही, धर्मनिरपेक्षता, संघराज्य, स्वतंत्र न्यायव्यवस्था, कायदे तपासायचा कोर्टाचा अधिकार, वगैरे.

आता "निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी हे ठरवायचं का" हा आक्षेप जुना आहे आणि पोकळ नाही. 2015 ला न्यायाधीश नेमणुकीच्या आयोगाची 99 वी दुरुस्ती कोर्टाने रद्द केली तेव्हा तो जोरात आला, आणि स्वतःच्याच नेमणुकांच्या बाबतीत कोर्टाने स्वतःला झुकतं माप दिलं असं मलाही वाटतं. पण मग ऑगस्ट 1975 बघा. आणीबाणी चालू, पंतप्रधानांच्या निवडणुकीचा खटला सुप्रीम कोर्टात 11 ऑगस्टला लागणार. 39 वी दुरुस्ती 7 ला लोकसभेत पास, 8 ला राज्यसभेत, 9 ला राज्यांच्या विधानसभा खास बोलावून मंजुरी, 10 ला रविवार असून राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर! दोन सभागृहं, दोन तृतीयांश, निम्मी राज्यं, सगळी कुलपं चार दिवसांत उघडली. ते कलम त्याच नोव्हेंबरात पडलं ते या चौकटीच्या जोरावरच. एक गंमत म्हणजे केशवानंदमध्ये विरोधी बाजूच्या सहांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि 1980 ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश म्हणून तीच चौकट वापरून 42 व्या दुरुस्तीतले अमर्याद अधिकाराचे तुकडे रद्द करणारा निकाल त्यांनीच लिहिला.

नवव्या अनुसूचीत टाकलं की कोर्ट काही करू शकत नाही, हे खरं का?

पूर्वी खरं होतं. 1951 च्या पहिल्याच दुरुस्तीने ही अनुसूची आली, जमीन सुधारणा कोर्टात अडकू नयेत म्हणून, आणि यादीत दुसऱ्याच नंबरला आपला कूळ कायदा आहे, मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1948. सातबाऱ्यावर ज्यांच्या आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलं आणि पुढे कृषकदिनी, 1 एप्रिल 1957 ला, ते मालक झाले, त्यांच्या जमिनीमागे ही अनुसूची उभी होती. नंतर काहीही तिच्यात ढकलायला लागले. 2007 ला कोर्टाने सांगितलं की 24 एप्रिल 1973 नंतर टाकलेला कायदा मूलभूत चौकटीवर तपासला जाणारच. म्हणजे तामिळनाडूचं 69 टक्के आरक्षण 1994 पासून तिथे आहे म्हणून आपलंही टाकलं की सुटलो, इतकं सोपं आता नाही.

आरक्षणावरची 50 टक्क्यांची मर्यादा घटनेत कुठल्या कलमात आहे?

कुठल्याच नाही. 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली आहे. म्हणून "घटनेने 50 टक्के घातलेत" म्हणणारे पण चुकतात, आणि "घटनेत नाही म्हणजे बंधन नाही" म्हणणारे पण, कारण सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो. 2019 ला 103 व्या दुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना 10 टक्के दिले ते 2022 मध्ये 3 विरुद्ध 2 ने टिकले, ते 50 च्या वर जातात तरी.

मराठा आरक्षण आणि 102 वी दुरुस्ती यांचा काय संबंध?

2018 च्या 102 व्या दुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला. संसदेत सरकार सांगत होतं की राज्यांच्या अधिकाराला धक्का नाही. 5 मे 2021 ला मराठा आरक्षणाच्या निकालात कोर्टाने 3 विरुद्ध 2 ने शब्द वाचून सांगितलं की मागास कोण हे ठरवायचा अधिकार आता राज्याकडे राहिलाच नाही. देशभरातल्या राज्यांच्या ओबीसी याद्यांचं काय, म्हणून धावपळ झाली आणि तीन महिन्यांत 105 वी दुरुस्ती, लोकसभेत 385 विरुद्ध 0. राज्यांचा अधिकार परत आला, पण आरक्षण परत आलं नाही, कारण त्याच निकालात पाचही न्यायाधीशांनी 50 टक्क्यांची मर्यादा उघडायला नकार दिला होता आणि 105 वी त्याला हातच लावत नाही. आंदोलनाच्या काळात हे दोन धागे इतके गुंतवले गेले की भलेभले वकील पण टीव्हीवर घोळ घालत होते.

"समाजवादी" आणि "धर्मनिरपेक्ष" हे शब्द मूळ सरनाम्यात नव्हते ना?

नव्हते, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आले, सोबत "एकात्मता" पण. आणीबाणी संपल्यावर 1978 ला 44 व्या दुरुस्तीने 42 वीचं बरंच काही काढलं, लोकसभेची मुदत सहाची परत पाच वर्षं केली, पण हे शब्द ठेवले. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरोधातल्या याचिका फेटाळल्या.

एक देश एक निवडणूक पास झालं होतं ना डिसेंबर 2024 ला?

फक्त मांडलं गेलं. 17 डिसेंबरला 269 विरुद्ध 198. मांडायला साधं बहुमत पुरतं. पास करायचं असतं तर त्याच 467 मतांत 312 लागले असते. ते बिल संयुक्त समितीकडे गेलं.

अमेरिकेत 27 च दुरुस्त्या, आपल्याकडे शंभराच्या वर. आपली घटना कच्ची का?

त्यांच्या घटनेत जे नाही ते आपल्या घटनेत सविस्तर लिहिलंय: भाषांची यादी, निवडणूक आयोग, राज्यांसाठी खास तरतुदी, 371 (2) मध्ये तर विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकास मंडळांची सोयसुद्धा. इतकं लिहिलं की बदलायलाही लागतं. कोकणीची 71 वी आणि आणीबाणीतली 42 वी, मोजताना दोन्ही एकेकच. नुसती संख्या मोजून काही कळत नाही.

370 कुठल्या दुरुस्तीने गेलं?

368 ची दुरुस्ती झालीच नाही. राष्ट्रपतींचे आदेश आणि संसदेचे ठराव, ऑगस्ट 2019. डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

दुरुस्ती पास झाली की लगेच लागू होते का?

गरज नाही. पास झालेल्या दुरुस्तीतच "सरकार ठरवेल त्या तारखेपासून" असं लिहिलेलं असू शकतं. 44 व्या दुरुस्तीत स्थानबद्धतेबद्दल एक कलम आहे, चौकशीशिवाय माणसाला आत ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारं. 1978 ला पास झालं. तारीख जाहीरच केली नाही कोणी, सरकारं आली गेली, कुठल्याच पक्षाला घाई नाही.

मग वाचायची कुठून? पुस्तक जाडजूड आहे.

शासकीय ग्रंथागारात मराठी-इंग्रजी प्रत मिळते, गाइडपेक्षा ती घ्या. पहिल्या पानापासून सुरू करू नका, दमाल. आधी सरनामा, मग कलम 12 ते 35 (मूलभूत हक्क), मग थेट 368, मग जो वाद बातम्यात चालू असेल ते कलम. आणि तळटिपा सोडू नका, बारीक अक्षरात असतात पण कुठला शब्द कुठल्या दुरुस्तीने, कुठल्या तारखेपासून आला ते तिथेच असतं. कलम 19 उघडून बघा: संपत्तीच्या हक्काच्या जागी नुसता वगळल्याचा उल्लेख आहे आणि खाली 44 व्या दुरुस्तीचा नंबर.